पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि संबंधांच्या वेळची वेदना: काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

गेल्या वर्षी श्रावणात मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांचे वय ५३, पाळी जाऊन चार वर्षे झालेली. तपासणीच्या खोलीत त्यांनी गुडघेदुखी सांगितली, रात्री घाम फुटून झोप मोडते ते सांगितले, लघवीला वारंवार जावे लागते तेही सांगितले. डॉक्टरबाईंनी औषधे लिहिता लिहिता विचारले, "आणखी काही त्रास?" जाऊबाई पदर सावरत म्हणाल्या, "नाही, बाकी काही नाही." बाहेर येऊन चपला घालताना त्यांनी माझा हात धरला. "अगं, जे सांगायला आले होते तेच राहिलं."

राहिलेली गोष्ट अशी होती की दोन वर्षांपासून शरीरसंबंधांच्या वेळी त्यांना आत चिरल्यासारखी आग होत होती, दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी करताना झोंबत होते, आणि म्हणून गुडघ्याचे निमित्त सांगून त्या देवघराशेजारच्या खोलीत झोपू लागल्या होत्या. थोरल्या दिरांचा समज झाला होता की बायकोचे मन आता संसारातून उडाले आहे. दोघांनीही एकमेकांना काही विचारले नव्हते.

पाळी जाण्याच्या वयातील गरम वाफा, घाम, चिडचिड यांविषयी आता घरोघरी थोडेफार बोलले जाते. योनिमार्गाचा कोरडेपणा आणि त्यातून होणारी वेदना याविषयी मात्र अजूनही बोलले जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप ओसरतात. कोरडेपणा आपोआप ओसरत नाही, उपचार केला नाही तर तो वर्षागणिक वाढत जातो. उपचार मात्र सोपा आहे, फार महागही नाही आणि बहुतेक स्त्रियांना त्याने चांगला आराम पडतो. म्हणून या लेखात मी मुख्यतः याच त्रासाचा मार्ग पायरीपायरीने मांडते आहे. औषध आणि त्याची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, परंतु त्यांच्यासमोर काय सांगायचे आणि काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

शरीरात नेमके काय बदलते

शेवटची पाळी येऊन सलग १२ महिने उलटले की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते, म्हणजे युरोप-अमेरिकेतील स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी. त्यापूर्वीची साधारण चार वर्षे, कोणाच्या बाबतीत त्याहून अधिक, पाळी मागेपुढे होत राहते आणि लक्षणे बहुधा याच काळात सुरू होतात. चाळिशीच्या आतच पाळी गेली असेल तर ती वेगळी वैद्यकीय बाब आहे. हाडे आणि हृदय यांच्या दृष्टीनेही तिच्यावर उपचार लागतात, म्हणून अशा स्त्रीने "लवकर सुटले" असे म्हणून स्वस्थ बसू नये.

अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाचे अस्तर जाड, ओलसर आणि लवचीक राहते. त्या अस्तराच्या पेशींमध्ये साठलेल्या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू वाढतात आणि आम्ल तयार करतात. दुधाचे दही लावणारे जिवाणूही याच कुळातले आहेत. या आम्लामुळे तेथील पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितके आम्ल अधिक) ३.५ ते ४.५ च्या दरम्यान राहतो आणि रोगजंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन कमी झाले की अस्तर पातळ होते, ग्लायकोजेन घटते, उपकारक जिवाणू कमी होतात आणि पीएच ५ च्या वर जातो. लघवीची नलिका आणि मूत्राशयाचा तळ यांनाही याच संप्रेरकाचा आधार असतो. त्यामुळे संबंधांच्या वेळची आग, बाहेरच्या भागाची खाज, लघवीची घाई आणि पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग या चार वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या संस्थांनी या सर्व तक्रारींना एकत्र नाव दिले, ज्याला मराठीत रजोनिवृत्तीचा जनन-मूत्रमार्गीय लक्षणसमूह म्हणता येईल. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांना यातील काही ना काही जाणवते. जाऊबाईंनी लघवीची तक्रार सांगितली आणि दुसरी गिळली, तेव्हा खरे तर त्यांनी एकाच दुखण्याचे अर्धे वर्णन केले होते.

पहिली पायरी: धोक्याची लक्षणे आधी वगळा

कोणताही घरगुती उपाय सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून रक्त गेले, मग ते एकदाच गेलेले असो किंवा कपड्यावर एक डाग दिसलेला असो, तर आठवड्याभराच्या आत डॉक्टरांकडे जावे. अशा रक्तस्रावाचे कारण बहुतेक वेळा साधे असते, आणि अस्तर पातळ होणे हे त्यातीलच एक कारण आहे. तरीही अशा सुमारे दहा स्त्रियांमध्ये एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि लवकर सापडल्यास तो बरा होण्याची शक्यता खूप मोठी असते. डॉक्टर योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल किंवा रक्त पुन्हा जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घेतात. "पाळी परत आली" असे म्हणून आनंद मानणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्ष उलटून गेल्यावर आलेले रक्त पाळी समजून सोडून देऊ नये.

संबंधांनंतर रक्त दिसणे हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. ज्यांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीच झालेली नाही त्यांनी याच भेटीत ती करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावून ही तपासणी केली जाते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांमधील दीड लाख स्त्रियांवर १९९८ पासून केलेल्या अभ्यासात या साध्या तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

बाहेरच्या भागावर पांढरे चट्टे, सुरकुतलेली पातळ त्वचा आणि रात्री झोपू न देणारी खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. त्यावर तीव्र स्टिरॉइडचे मलम ठरावीक पद्धतीने लावावे लागते, बुरशीच्या मलमाने तो बरा होत नाही. याविषयी मी कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्या स्वतःच्या कोरडेपणासाठी मला वर्षभरात तीन वेळा बुरशीची औषधे देण्यात आली आणि त्या तिन्ही वेळी कोणी तपासून पाहिले नव्हते. खाजेवर दुसऱ्यांदा तेच औषध लिहून मिळाले की "डॉक्टर, एकदा तपासून बघा" असे आपणच म्हणावे.

मधुमेह असलेल्या स्त्रियांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या गोळ्यांचे नाव "ग्लिफ्लोझिन" या अक्षरांनी संपते, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि त्यामुळे त्या भागात बुरशीचा संसर्ग होण्याचे प्रमाण वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, परंतु गोळ्यांचे पाकीट दाखवून डॉक्टरांना विचारावे. दह्यासारखे घट्ट, गुठळ्यांचे पांढरे अंगावरून जात असेल तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता अधिक असते. कोरडेपणात बहुधा पांढरे जाणे कमीच होते.

दुसरी पायरी: धुण्याच्या सवयी बदला

ही पायरी फुकट आहे आणि आजपासून सुरू करता येते. योनिमार्ग आतून धुऊ नये. बाहेरचा भाग फक्त साध्या कोमट पाण्याने धुवावा. साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी "इंटिमेट वॉश", तुरटीचे पाणी, कडुनिंबाचा काढा, लिंबू यांपैकी काहीही तेथे वापरू नये. पीएच बिघडल्यामुळे आम्ल घालून तो सुधारू, असा विचार कोणी करेल. पण पातळ झालेल्या त्वचेवर आम्ल ओतले तर जखम होते. आत दही लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नये, कारण दह्यातले जिवाणू तेथे वस्ती करत नाहीत आणि साखर, बुरशी यांचा शिरकाव मात्र होतो.

लघवी थोडी थोडी सुटते म्हणून रोज पॅड लावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. सुगंधी पॅड आणि प्लास्टिकचे अस्तर यांनी खाज वाढते, म्हणून शक्य तितका वेळ सुती आतले कपडे वापरावेत आणि रात्री ते न घालताच झोपावे. त्या भागाचे केस वस्तऱ्याने काढण्याऐवजी कात्रीने बारीक करावेत.

तिसरी पायरी: रोजचा ओलावा आणि संबंधांच्या वेळचा ओलावा

दुकानात मिळणाऱ्या जेलमध्ये दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत झाली की "मी वापरून पाहिले, काही उपयोग झाला नाही" असे वाटते. एक प्रकार योनिमार्गासाठीच्या मॉइश्चरायझरचा आहे. हायलुरोनिक ॲसिड किंवा पॉलीकार्बोफिल असलेली ही जेल संबंध असोत वा नसोत, आठवड्यातून दोन-तीन वेळा रात्री झोपताना आत लावायची असते. ती अस्तराला चिकटून राहते आणि चालताना, बसताना होणारी जळजळ कमी करते. दुसरा प्रकार लुब्रिकंटचा, म्हणजे संबंधांच्या वेळी घर्षण कमी करणाऱ्या जेलचा. त्याचा परिणाम तेवढ्या वेळापुरताच असतो. बऱ्याच जणींना दोन्ही लागतात.

पाण्यावर आधारित जेल सर्वांत सहज मिळते आणि कंडोमबरोबर चालते, परंतु लवकर सुकते, तेव्हा मध्येच पुन्हा लावावे. सिलिकॉनवर आधारित जेल अधिक वेळ टिकते. वास, रंग, "गरम" किंवा "थंड" परिणाम अशी जाहिरात असलेली जेल घेऊ नये. पुष्कळ ग्लिसरीन असलेली जेल पेशींतील पाणी ओढून घेते, त्यामुळे लावल्यावर झोंबते. पीएच ४.५ च्या आसपास असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि काही उत्पादनांच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. पहिल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहावे. जेल स्त्रीने बाहेर आणि आतल्या तोंडाशी लावावे, तसेच पुरुषानेही लावावे. चमचाभर तरी घ्यावे, थेंबभराने काही होत नाही.

खोबरेल तेलाविषयी मला सर्वांत जास्त विचारणा होते. कोकणात आणि गोव्यात तर ते घरचेच असते. कंडोम वापरत नसाल आणि तेलाने खाज येत नसेल तर शुद्ध खोबरेल तेल बाहेरच्या भागासाठी आणि संबंधांच्या वेळी वापरण्यास सहसा हरकत नसते. परंतु तेलाने लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटू शकतो, हे लक्षात ठेवावे. व्हॅसलीन आणि सुगंधी केसांचे तेल मात्र आत अजिबात लावू नये.

इथे गर्भनिरोधनाविषयीही सांगायला हवे, कारण पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असा समज फार पसरलेला आहे. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे. ज्यांची नसबंदी झाली आहे त्यांना हा प्रश्न अर्थातच नाही.

चौथी पायरी: स्थानिक इस्ट्रोजेन

जेलने दोन-तीन महिन्यांत पुरेसा आराम पडला नाही, किंवा लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होत असेल, तर स्थानिक, म्हणजे योनिमार्गातच लावायच्या, इस्ट्रोजेनविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. जेल ओलावा देते, पण पातळ झालेले अस्तर पुन्हा जाड करत नाही. ते काम हे औषध करते. आपल्याकडे एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. सर्वसाधारण पद्धत अशी की पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा मिलिग्रॅम एस्ट्रिऑल पोहोचेल इतके मलम लावायचे. ट्यूबसोबत प्लास्टिकची नळी मिळते आणि तिच्यावर खूण असते. जाऊबाईंना मी ते हातात घेऊन दाखवले होते, तसेच लिहिते. ट्यूबच्या तोंडावर नळी फिरवून बसवावी, खुणेपर्यंत मलम भरावे आणि नळी काढावी. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, नळी कंबरेच्या दिशेने हलकेच आत सारावी आणि दट्ट्या सावकाश दाबावा. नळी आत घालताना दुखत असेल तर पहिला आठवडा बोटाच्या टोकावर मलम घेऊन योनीच्या तोंडाशीच लावावे. नंतर नळी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावी. मलम रात्री लावल्यास उभे राहिल्यावर गळत नाही. संबंधांच्या आधी जेलऐवजी हे मलम वापरू नये. वार ठरवून घ्यावेत, जसे सोमवार आणि गुरुवार, म्हणजे विसर पडत नाही.

फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, परंतु पूर्ण परिणामासाठी १२ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात किंचित झोंबू शकते, त्यावरून औषध सोसत नाही असा निष्कर्ष काढू नये. बरे वाटले म्हणून बंद केले तर काही आठवड्यांत त्रास परत येतो, कारण मूळ कारण तसेच असते. हे दीर्घकाळ वापरायचे औषध आहे आणि दरवर्षी एकदा डॉक्टरांना दाखवून ते चालू ठेवता येते.

खोक्यातली माहितीपत्रिका उघडली की छातीत धस्स होते, कारण तिच्यात कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी यांची यादी असते. ही यादी मुळात तोंडाने घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांवरून आलेली आहे. स्थानिक औषधाची मात्रा किती लहान असते हे एका हिशेबावरून कळेल. जगात अनेक ठिकाणी वापरली जाणारी योनिमार्गात ठेवायची एस्ट्रॅडिऑलची (हाही इस्ट्रोजेनचाच प्रकार) गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्याला दोन, अशा वर्षभराच्या सगळ्या गोळ्या मिळून सव्वा मिलिग्रॅमही भरत नाही. पोटात घ्यायची १ मिलिग्रॅमची गोळी मात्र रोज एक घेतली जाते. रक्तात जाणारे औषध इतके थोडे असल्यामुळे गर्भपिशवी असलेल्या स्त्रीलाही त्यासोबत गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक घ्यावे लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांवरील ठळक चौकटीतला जुना इशारा काढून टाकण्याचे जाहीर केले. आपल्याकडच्या खोक्यांत मात्र भीती घालणारी पत्रिका दिसू शकते, म्हणून ती डॉक्टरांसमोर उघडून शंका विचारावी आणि मगच निर्णय घ्यावा.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट नीट, नियमित वापरून पाहावे. त्याने भागले नाही तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच स्थानिक इस्ट्रोजेनचा विचार करावा, आणि लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे चालू असतील तर विशेष काळजी घ्यावी. लेझरने "तारुण्य परत" देणाऱ्या उपचारांच्या जाहिराती आता सर्वत्र दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच अशा जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत खरा लेझर आणि खोटा लेझर यांच्या परिणामात फरक आढळला नाही. त्यात पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: आखडलेले स्नायू

वर्ष-दोन वर्षे वेदना सोसल्यावर शरीर ती लक्षात ठेवते. स्पर्शाच्या कल्पनेनेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट आवळले जातात, आणि अस्तर बरे झाले तरी दुखणे चालू राहते. अशा वेळी स्नायू आवळण्याचे व्यायाम सुरू करण्याची घाई करू नये, आधी सोडण्याचा सराव करावा. रात्री पाठीवर पडून, गुडघे दुमडून, हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे आणि त्याच वेळी लघवी सुरू करताना जसे सैल सोडतो तसे खाली सैल सोडावे. रोज पाच-सात मिनिटे पुरेत. त्यानंतर जेल लावलेले स्वतःचे एक बोट योनीच्या तोंडाशी ठेवून, दुखणार नाही इतपतच आत नेण्याचा सराव करता येतो. या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत आता भेटतात आणि टप्प्याटप्प्याने मोठ्या होणाऱ्या नळ्यांचा संच वापरून त्या शिकवतात.

खोकताना, शिंकताना लघवी सुटत असेल आणि आत दुखत नसेल, तर स्नायू आवळण्याचे व्यायाम उपयोगी पडतात. लघवी अडवल्यासारखे पाच सेकंद आवळावे, तितकाच वेळ सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. फरक दिसायला तीन महिने लागतात.

सहावी पायरी: नवऱ्याशी बोलणे, आणि इच्छेविषयी

दुखते म्हणून टाळणे आणि इच्छाच नसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिली आधी बरी करावी, कारण जिथे वेदना आहे तिथे इच्छा टिकत नाही. बोलण्यासाठी अंथरुणाची वेळ निवडू नये. संध्याकाळच्या फेरफटक्यात, शेजारी शेजारी चालताना, एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता बोलणे सोपे जाते. जाऊबाईंनी म्हटलेले वाक्य साधे होते. "तुमच्यावर राग नाही हो माझा. मला आत आग होते, म्हणून मी लांब झोपते. औषध सुरू केलंय." थोरले दीर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. मी काय समजत होतो." त्या रात्री जाऊबाईंची उशी परत जुन्या खोलीत गेली.

उपचाराच्या पहिल्या १२ आठवड्यांत प्रत्यक्ष संबंध नकोत, असे दोघांनी ठरवले तरी चालते. जवळ झोपणे, पाठ चोळणे, स्पर्श करणे, हातांनी सुख देणे या गोष्टी चालू ठेवाव्यात. या वयात शरीराला ओलावा यायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, हे पुरुषांनाही सांगावे लागते. पुरुषाच्या बाजूनेही अडचण असू शकते. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे लिंगाला ताठरता न येणे पन्नाशीनंतर पुष्कळ आढळते. ते हृदयविकाराचे आगाऊ लक्षणही असू शकते, म्हणून त्यांनीही तपासून घ्यावे.

वेदना गेल्यावरही इच्छा होत नसेल आणि त्याचे स्वतःला वाईट वाटत असेल, तर कारणे शोधावीत. मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, रक्तक्षय, नैराश्य, मोडलेली झोप आणि घरातील आजारपणांचा भार ही नेहमीची कारणे आहेत. नैराश्यावरील एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांनीही इच्छा कमी होते, तेव्हा डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते. टेस्टोस्टेरॉन या, पुरुषांत अधिक असणाऱ्या, संप्रेरकाचा उपयोग काही स्त्रियांना होतो, असे २०१९ च्या जागतिक तज्ज्ञ-निवेदनात मान्य केले आहे. परंतु त्याची मात्रा पुरुषांच्या मात्रेच्या दहाव्या भागाइतकी असते आणि रक्ततपासणी करत राहावी लागते, म्हणून पुरुषांचे जेल आणून स्वतःवर प्रयोग करू नयेत. इच्छा नसल्याचे स्वतःला काहीच वाटत नसेल तर तो आजार नाही आणि त्यावर कोणी औषध घ्यायला लावू नये.

ज्या विधवा आहेत, एकट्या आहेत किंवा ज्यांचे संबंध कधीचेच थांबले आहेत, त्यांनाही जळजळ, खाज आणि लघवीचा संसर्ग होतोच. त्यांनी "आता मला कशाला" असे म्हणू नये. तपासणीला जाताना लहान आकाराचे उपकरण वापरण्याची विनंती करावी.

सातवी पायरी: वाफा, झोप आणि संप्रेरक-उपचार

रात्री तीनदा घामाने जागे होणाऱ्या स्त्रीकडून प्रेमाची अपेक्षा करणे कठीण आहे, म्हणून या विषयाला थोडा स्पर्श करते. इस्ट्रोजेन घटल्यावर मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशक्ती अरुंद होते आणि शरीर जरा तापले तरी रक्तवाहिन्या फुलवून घाम सोडला जातो. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा काळ मध्यम हिशेबाने ७.४ वर्षे भरला. सुती कपडे, पंखा, रात्रीचे तिखट जेवण आणि उशिराचा चहा टाळणे यांनी थोडी मदत होते. फार त्रास असेल तर संप्रेरक-उपचार, म्हणजे साऱ्या शरीरात पोहोचेल असे इस्ट्रोजेन घेणे, सर्वांत परिणामकारक आहे.

त्याविषयीची भीती जुलै २००२ मध्ये पसरली, जेव्हा अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील संप्रेरक-गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवण्यात आली. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि स्तनाच्या कर्करोगाच्या जादा रुग्णांचे प्रमाण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ असे होते. पुढच्या विश्लेषणांतून असे दिसले की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना लाभ अधिक आणि धोका कमी असतो. गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हा उपचार सहसा दिला जात नाही. अशांसाठी व्हेन्लाफॅक्सीन किंवा गॅबापेंटिनसारखी संप्रेरक नसलेली औषधे आहेत. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी वाफांसाठी दिले जाणारे पॅरॉक्सेटीन टाळावे, कारण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करते.

गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांसाठी

महाराष्ट्रात हे वेगळे लिहावेच लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांविषयी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात ८२,३०९ स्त्रियांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक जणींचे वय चाळिशीच्या आत होते. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या. गर्भपिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि वाफा, कोरडेपणा, हाडांची झीज हे सगळे तीव्रतेने सुरू होते. अंडाशय ठेवले असले तरी ते काही वर्षे आधी थकू शकतात. पाळीच येत नसल्यामुळे अशा स्त्रीला आपली अवस्था कळतही नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद शोधावा, त्यावर अंडाशयांविषयी काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांना भेटावे. पस्तिशीत अंडाशय गेलेल्या स्त्रीला साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरक-उपचाराची गरज असते आणि तो मागणे हा तिचा हक्क आहे.

दवाखान्यात न्यायची चिठ्ठी

तोंडाने बोलवत नसेल तर लिहून द्यावे. पाळी कधी गेली, त्रास कोणता, कधीपासून, रक्त जाते का, आधी काय लावले आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे पुरते. दुसऱ्या भेटीला जाऊबाईंनी वहीच्या पानावर लिहिले होते: "पाळी जाऊन ४ वर्षे. संबंधांच्या वेळी आग, २ वर्षे झाली. रक्त नाही. साबण वापरत होते, आता बंद केला. शुगरची गोळी चालू, पाकीट आणले आहे." डॉक्टरबाईंनी ते वाचले, तपासले, गर्भाशयमुखाची चाचणी केली, मलम लिहून दिले आणि १२ आठवड्यांनी परत बोलावले. जाऊबाईंनी ती तारीख त्याच पानाच्या मागे लिहून घेतली आणि पान घडी करून ट्यूबच्या खोक्यात ठेवले.